चढतं माहेर, बुडतं सासर

आमच्या गावात दगड नव्हता. हे मी अमरावतीच्या शिकल्यासवरल्या मंडळींपुढे सांगितलं की ती एकमेकांकडे बघून हसतात. म्हाताऱ्याची गाडी सुटली म्हणतात. सुटू द्या. पूर्णेकाठच्या त्या काळ्या मैदानात तुम्ही अकोल्याकडून शिरा की अमरावतीकडून, कुत्र्याला मारायला खडा सापडायचा नाही. त्यामुळे आमची कुत्री फार उर्मट होती. माणसांची भांडणं ढेकळांनी होत, आणि पावसाळ्यात ढेकळंही विरघळत, म्हणून पावसाळ्यात गावात फार सलोखा असे.

ज्याच्या दारात दगड, तो खानदानी. डोंगराच्या पायथ्याच्या गावांना ज्वारी घेऊन गेलेली गाडी परत येताना एक तरी दगड घालून येई. नाही आणला तर गाडी रिकामी आली म्हणत, मग तीत कितीही सामान असो. डोंगराकडून सून आणायची तर सोनंनाणं मागाहून, आधी ती पाटा आणते की जातं, हे ठरे. वरवंटा हरवला तर पंच बसत. गावातला सगळ्यात मोठा दगड म्हणजे आमचा मारुती, आणि तो आधी देव होता की आधी मोठा होता, याबद्दल मला लहानपणापासून शंका आहे. त्या मारुतीच्या देवळात माझा आजा पायऱ्या चढून जात असे. माझे वडील सपाट चालत गेले. मी पायऱ्या उतरून जाई. दर पुराला नदी गाळ आणून घाले आणि देऊळ तेवढं खाली जाई. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. देव पाताळात गेला तरी आपला आहे, असा आमचा भाव.

दगड नाही ते एकवेळ चाललं असतं, पण पाणी खारं. साधंसुधं खारं नव्हे. आमच्या घरी वरणाला मीठ घातल्याचं मी कधी पाहिलं नाही. तुरीची डाळ सकाळी चुलीवर चढवली तर संध्याकाळपर्यंत ती पोहायला शिके, शिजत नसे. धोतर धुऊन वाळत घातलं की वाळल्यावर ते आपलं आपण उभं राही. मी फक्त आत शिरायचो. पाहुण्याला पाणी दिलं की पाहुणा कामाची आठवण काढून उठे. आम्ही त्यालाच पाहुणचार म्हणत होतो.

अशा घरात माझी बायको नांदायला आली. ती गाविलगडाच्या डोंगराच्या पायथ्याची. तिच्या गावाला नाल्याला गोड पाणी, वाटेत पायाला लागतील इतके दगड, आणि घराघरात बोलणाऱ्या बायका. तिनं आमच्या विहिरीचं पहिलं भांडं तोंडाला लावलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू ती विहीर मीच खारवून ठेवली होती. काही वर्षं तिनं काढली. मग एकदा अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेली आणि आलीच नाही. गाडीवानाबरोबर निरोप तेवढा आला: "घरात गोडं पानी लागलं का सांगजा. मी निंघून येतो. तोवर येत नाही."

आता बायको माहेरी राहिली ही बातमी आमच्या गावात दुपारी पोचली तर संध्याकाळी ती बैलांनाही ठाऊक असे. आई डोळ्यांना पदर लावी. वडील म्हणत, "दोन बैलं, चार एकर काळी, अन् एक बायको सांभाळता येत नाही. बैल तरी खारं पेते."

मला मात्र ती हवी होती. हे तेव्हा बोलायची सोय नव्हती. नवऱ्यानं बायकोसाठी झुरावं ही गोष्ट आमच्याकडे तापासारखी समजत, काढा देत.

त्याच सुमारास तिकडे अमेरिकेत भाऊ भाऊ भांडले आणि इकडे वऱ्हाडात कपाशीला भाव चढला. किती चढला म्हणून सांगू राजेहो. माणसं अंगणात कपाशी पेरू लागली, तुळशीची जागा कपाशीनं घेतली, आणि मारुतीच्या आवारात जिथं जरा ओलावा दिसला तिथं कोणीतरी सरकी टोचून गेलं. ज्वारी पेरणारा माणूस दिसला की लोक त्याच्या घरच्यांना विचारत, बरं नाही का त्याला. आमच्या धाकट्या काकांनी अकोल्याला जाऊन जो फेटा बांधून घेतला, त्याचं एक टोक त्यांच्या डोक्यावर गावात पोचलं तेव्हा दुसरं टोक दुकानदार अजून फाडत होता. बैलांच्या शिंगांच्या टोकांवर चांदीच्या शेंब्या आल्या. बैल एकमेकांना मारेनासे झाले. शिंगं जपून चालत. आणि गावानं मारुतीला नवस बोलला, की बाप्पा, तिकडची लढाई अशीच चालू राहू दे. तिकडे पोरं मरत होती आणि इकडे आम्ही नारळ फोडत होतो. खोबरं फार गोड लागायचं, म्हणून सांगतो.

या दिवसांत मी एकदा मनाचा हिय्या करून बायकोला आणायला सासुरवाडीला गेलो.

माझे सासरे म्हणजे उंच, हाडकुळे, आणि आपण डोंगराचे सख्खे भाऊ आहोत अशा थाटात वागणारे. त्यांनी मला पाणी दिलं. गोड. मी मुद्दाम तोंड वाकडं केलं. त्यांनी ते पाहिलं आणि हात धरून मला नाल्याच्या वरच्या टेकाडावर घेऊन गेले. टेकाडावर गोटे पसरलेले. गुळगुळीत, अंड्यासारखे.

"जावईबुवा, गोटा गोल कशानं होते?"

"पाण्यानं."

"मंग हा गोल हाय का नाई?"

"हाय."

"अन् नाला कुठं हाय?"

नाला खाली, चांगला ताडाच्या झाडाएवढा खाली, दगड कापत चालला होता.

"मंग नाला रातच्यानं टेकाडावर चढला, गोटे ठेवले अन् उतरून गेला का?"

 सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला. "टेकाड वर आलं. आमचा डोंगर वर येऊन राहिला. तो जरा उचलला का नाल्याले पुन्हा खणत बसा लागते. मंग आणिक उचलला, का आणिक खणा. आमच्या बापजाद्यापासून त्याले उसंत नाई. अन् जे खणून काढते थे जाते कुठं?"

"कुठं?"

"तुमच्या गावात. गोटे जड, थे पायथ्यालेच बसतात. रेती जरा पुढं जाते. अन् जे निव्वळ धुणं उरते, चिखल, थे तुमच्याकडं. आमच्या डोंगराच्या पायाचं पानी तुमी प्यून राहिले." मग मायेनं माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमचं गाव खाली चाल्लं, आमचं वर. वरची पोरगी खाली कायले धाडू?"

मी म्हटलं, "त्याच चिखलात कपाशी पिकते, मामाजी. गोटे पेरून पाहा तुमी."

उत्तर चांगलं होतं. पण त्यानं बायको मिळाली नाही. ती दारातून फक्त एवढंच म्हणाली, "तोंड वाकडं करून पूर्ण भांडं पेले. मी पाहिलं."

गावी येऊन मी हे सगळं सांगितलं. वडिलांनी ऐकून घेतलं आणि बिडी विझवली. काका मात्र फेट्यासकट उठले. आमचं गाव खाली चाललं, असं कोणी म्हटलंच कसं. कपाशीच्या राजाचं गाव. "पानी नाई म्हणते का थो? पाताळापर्यंत जातो, पण गोडं पानी काढतो. इवायाले त्याच पान्यानं आंघोळ घालतो." इवाय म्हणजे व्याही, माझे सासरे.

काकांच्या डोक्यात एक हिशोब होता आणि तो साऱ्या गावाला पटला. वरची विहीर खारी, म्हणजे मीठ वर आहे. मीठ वर आहे म्हणजे गोड खाली आहे. जितकं खोल, तितकं गोड. यात चूक काढणारा माणूस आमच्या गावात नव्हता, आणि असता तर त्याला कपाशीचा भाव विचारून गप्प केला असता. त्या वर्षी ज्याच्याकडे कपाशी त्याच्याकडे अक्कल, असा कायदाच झाला होता.

तेव्हा रेल्वेच्या कामावरचा एक गोरा साहेब पुलाच्या पायासाठी जमीन तपासत आमच्या शिवारात फिरत होता. तो लोखंडी गज जमिनीत ठोके, गज लोण्यात गेल्यासारखा आत जाई, साहेब दुसरा गज जोडे, तोही जाई. असे जोडून जोडून त्यानं इतके गज घातले, की पलीकडच्या बाजूनं अमेरिकेत निघाले असतील आणि तिथल्या लढाईत कोणाच्या तरी पायाला लागले असतील. खडक लागला नाही. काका त्याच्याकडे गेले. साहेबाचा मुनशी पुण्याकडचा. काकांनी विचारलं, "काहून बे, काय म्हणते तुहा साहेब?" मुनशी इतका दुखावला की उत्तर द्यायला त्यानं आधी उपरणं सारखं केलं. मग म्हणाला, "साहेबांचं म्हणणं असं, की उत्तरेचा डोंगर आणि दक्षिणेचा डोंगर यांच्यामधली ही जमीन पूर्वीच खचली आहे, कदाचित अजूनही खचते आहे. नद्यांनी तिच्यात गाळ भरला. याला तळ सहजी लागायचा नाही."

आता हे मला नंतर नंतर नीट समजलं, आणि समजलं ते बाजेवर पडल्या पडल्या. बाज जुनी झाली की सुतळी सैल पडते. दोन्ही बाजूंची लाकडं वर राहतात आणि मध्ये झोळ येतो. जे काही बाजेवर पडेल ते घरंगळत त्या झोळात जातं: धान्य, कचरा, झोपलेलं पोर. आमची पूर्णा त्या झोळातून वाहते. डोंगर म्हणजे बाजेची दोन्ही बाजूंची लाकडं. दोन्हीकडचे नाले झोळाकडे धावतात आणि आणलेला कचरा तिथं टाकतात. गाळ भरतो म्हणून झोळ भरून येईल म्हणावं, तर सुतळी आणखी सैल होते. पाणी जरा निघून जाईल म्हणावं, तर झोळातलं पाणी जाणार कुठं? बसतं, मुरतं, लोणच्यासारखं. आम्ही लोणच्याच्या बरणीत घरं बांधून वर डोंगरवाल्यांना नावं ठेवत होतो.

काकांनी साहेबाचं म्हणणं एका वाक्यात मोडीत काढलं. "गजाले अक्कल असती तर थो गज झाला नसता." आणि विहीर खणायला वडारांची टोळी बोलावली.

वडार आले ते घण, पहारी, छिन्न्या आणि सुरुंगाची दारू घेऊन. त्यांचा म्होरक्या छातीनं रुंद, बोलायला सावकाश. त्यानं गावाभोवती एक चक्कर मारली आणि परत येऊन विचारलं, "मालक, फोडायचं काय?"

"जमीन," काका म्हणाले.

"जमीन उकरत्यात. फोडत्यात ते दगडाला."

"खाली असन दगड. फोडजा लागला का."

तर सुरू झालं. आधी काळी माती निघाली, मग पिवळी, मग पांढऱ्या चुनखडीचे खडे. खडे निघाले त्या दिवशी गावानं गूळ वाटला. दगडाची पिल्लं निघाली, आई जवळच असेल. मग रेती. मग पुन्हा पिवळी. मग पुन्हा रेती. म्होरक्या रोज संध्याकाळी वर येऊन घण तसाच कोरा परत ठेवी, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं दुःख असे की एखाद्या पहिलवानाला ताक घुसळायला बसवलं आहे. एके दिवशी एक भलीमोठी दाढ निघाली. हत्तीची असावी, पण दगड झालेली. गावाला कळेना की दाढ म्हणून टाकावी की दगड म्हणून पुजावी. काका म्हणाले, ही कीचकाची. भीमानं त्याला तिकडे चिखलदऱ्यावर मारून दरीत फेकला, तो घरंगळत घरंगळत इथं आला. वडील म्हणाले, "म्हंजे आपल्या इथं डोंगरावरून मुडदे बी वाहून येतात. इवायाले नका सांगू."

पण ते सासऱ्यांना कळलंच. कारण विहिरीची कड ढासळत होती, ओली माती उभी राहीना, आणि तिला बांधून काढायला दगड लागला. दगड कुठला? पायथ्याचा. काकांनी गाड्यांची रांग लावली. जी कपाशी आजवर अकोल्याच्या बाजारात जात होती, ती आता निम्मी दगडांत जाऊ लागली, आणि प्रत्येक गाडीबरोबर सासऱ्यांचा एक टोमणा फुकट येई. गाडीवान तो पाठ करून आणत आणि चावडीपुढे म्हणून दाखवत. "इवायानं सांगतलं, डोंगर लागला तर पुरा घेऊन जा, आमच्याकडं दुसरा उगवून राहिला." माझ्या बायकोचाही एक आला. "त्याईले म्हणा, जरा हळू खणा. आणिक खाली गेले तर मले आवाज देता नाई येणार."

मी तो दहा जणांदेखत ऐकला आणि चारचौघात हसलो. गाडीवानाला मात्र बाजूला घेऊन विचारलं, की हे सांगताना ती हसत होती का. तो म्हणाला, "नाई. भाकरी थापत होती."

विहीर खोल खोल गेली. इतकी खोल, की खाली काम करणाऱ्यांना वरून भाकर सोडली तर पोचेपर्यंत शिळी होई. वरून शिवी दिली तर खालून जेवणाच्या सुट्टीत उत्तर येई. आणि शेवटी पाणी लागलं. सगळं गाव काठावर. काकांनी फेटा काढून ठेवला, पहिलं भांडं देवाला दाखवलं, आणि प्यायले.

त्यांचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. समुद्र मी पाहिलेला नाही, पण त्या दिवशी काकांनी तो प्यायला होता.

"कसं हाय?" वडिलांनी विचारलं.

काकांनी ते गिळलं. मोठा माणूस. "आजून खाली जा लागते," म्हणाले.

म्होरक्या म्हणाला, "मालक, वरच्यापरीस हे दुप्पट खारं हाय. आणखी खाली गेलो तर पानी येनार न्हाई, मीठच येईल. पोत्यात भरून."

"तू खणजा."

तो खणत राहिला असता. पण एका दुपारी वडार वर येऊन बाभळीखाली भाकर खात होते, आणि जमीन गुरगुरली. लाकडी पुलावरून शंभर गाड्या एकदम गेल्यासारखा आवाज. उतरंडीची मडकी एकमेकांना लागली, कुत्री भुंकायची थांबली, बैलांनी शेंब्यांसकट माना वर केल्या. पळभर. मग सगळं जिथल्या तिथं. फक्त विहिरीतून एक सुस्कारा आल्यासारखं झालं. जाऊन पाहतो तर ज्या दगडांनी ती बांधली होती, ते सगळे दगड, वरचा थर खालच्यावर, खालचा त्याच्या खालच्यावर, माणूस दमून उकिडवा बसावा तसे खाली बसले होते आणि त्यांच्यावर चिखल मिटत होता. पायथ्याहून आणलेला एकेक दगड गेला. गावात इतका दगड कधी आला नव्हता आणि इतक्या लवकर गेलाही नव्हता.

म्होरक्यानं काठावरून खाली पाहिलं. मग त्यानं पहारी गोळा केल्या. "मालक, आमची जात दगड खाऊन जगती," तो म्हणाला. "पर ही जमीन आमच्यापेक्षा भुकेली हाय."

 काका संध्याकाळपर्यंत कपाशीच्या गंजीवर चढून बसले, कारण गावात तेवढीच एक उंच जागा उरली होती.

दुसऱ्या दिवशी मी सासुरवाडीची वाट धरली. गोड पाणी लागलं नाही हे सांगायला जाणं म्हणजे शोभाच. पण गाडीवानाच्या तोंडून तिनं ऐकण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं, असं वाटलं. आणि ती आता कधीच यायची नाही, हेही चालता चालता दिसत होतं.

त्या वाटेनं मी कितीदा गेलो असेन. पण विहिरीनं डोळे उघडले म्हणा किंवा पाय जड होते म्हणून, त्या दिवशी मला एक गोष्ट दिसली. सपाट मैदान संपतं आणि डोंगर उभा राहतो, तिथं मध्ये उतार नाही. भिंत उठावी तसा डोंगर एकदम उठतो. आणि त्या भिंतीच्या बुडाशी, सुताराने दोरी मारावी तशी सरळ, हिरव्या झाडांची रांग चालली आहे. उंबर, आंबा, उंबर. बाकी रान वाळलेलं. जवळ गेलो तर दगडाच्या फटीतून पाणी झिरपत होतं. प्यायलो. गोड. जमीन जिथं तुटली होती तिथंच ती पाणी सोडत होती. आम्ही ते काढायला पाताळात गेलो आणि ते इथं फटीतून फुकट गळत होतं.

मी पाणी पितच होतो तेव्हा मागून घागरी वाजल्या.

"बाजूले व्हा," बायको म्हणाली. "गढूळ करून राहिले."

मी बाजूला झालो. तिनं घागर लावली. मी सांगितलं: विहीर खारी लागली, मग बसली. ती म्हणाली, "कालच्या गुरगुरण्यानं आमची एक हंडी फुटली. तुमची विहीर फुटली. जेवढं ज्याचं."

मग मी ठेवणीतला बाण काढला. वाटेत जुळवून ठेवला होता. "रुक्मिणी आपल्या कौंडण्यपूरची. वऱ्हाडची लेक. गेली का नाही द्वारकेले? समुद्राच्या काठावर. सारा मुलूख खारा. नांदली का नाही?"

"नांदली."

"मंग?"

"तिले कृष्ण भेटला होता," ती म्हणाली आणि घागर बदलली.

 मी भरलेली घागर बाजूला ओढली. मग मी म्हटलं, "तुह्या बापाच्या घरी मी राहात नसतो. घरजावई झालो तर आमचे बाबा मले मेला म्हणून पिंड देतील."

"मी कुठं म्हणलं या म्हणून."

"अन् तू आमच्याकडं येत नाही."

"नाई."

"इथं राहशील?"

तिनं आजूबाजूला पाहिलं. गोटे, रेती, बोरी-बाभळी, दोन उंबर. "इथं म्हंजे कोणाच्या घरी?"

"कोणाच्याच नाही."

"इथं कपाशी होत नाही."

"वांगे होतात. मिरच्या होतात."

तिनं माझ्याकडे पाहिलं, या वेळी नीट. त्या वर्षी कुणब्याच्या पोरानं कपाशी सोडून वांगी लावतो म्हणणं म्हणजे राजानं गादी सोडून रखवालदारी मागण्यासारखं होतं. "लोकं हासतील," ती म्हणाली.

"हासून राहिलेच आहेत."

"घर बांधा मंग," ती म्हणाली, आणि दोन्ही घागरी उचलून गेली. जाताना वळून पाहिलं नाही. मीही पाहिलं नसतं. डोक्यावर घागर होती ना.

ती जागा पडीक होती. कपाशी होत नाही म्हणून त्या वर्षी कोणी फुकटही घेत नव्हतं. पाटलानं हसत हसत दिली. माझी काळी काकांनी ताब्यात घेतली आणि गावभर सांगितलं, की पोराच्या डोक्यात खारं पाणी गेलं. अमरावतीच्या बाजारात मी वांग्यांची पाटी घेऊन बसलो की आमच्या गावचे कपाशीवाले मुद्दाम समोरून गाडी हाकत. बैल माझ्याकडे पाहत, शेंब्या सावरत. पुढे तिकडची लढाई थांबली, मारुतीनं नवस काही ऐकला नाही, आणि भाव जसा चढला तसा उतरला. काकांच्या बैलाची एक शेंबी मग मीच विकत घेतली. भाव करून.

पण ते नंतरचं. घर उभं राहिलं त्या दिवशीची गोष्ट सांगायची राहिली. बायको सामान घेऊन आली, बरोबर सासरे. तिकडून माझे वडील आले, यायचं नाही असं चार वेळा सांगून. दोन्ही व्याही अंगणात समोरासमोर उभे राहिले. सासऱ्यांनी काठीनं जमीन ठोकली. खणखण वाजली. "दगड हाय खाली," ते म्हणाले. "म्हंजे हे आमच्या डोंगराचं. जावई आमच्याकडं आला."

वडिलांनी दोन पावलं पलीकडे जाऊन टाच रोवली. रुतली. "हे मऊ हाय. म्हंजे मैदान. सून आमच्याकडं आली."

"दार डोंगराकडं हाय."

"सांडपानी मैदानाकडं जाते."

"पानी कोणाचं? डोंगराचं."

"पडते कुठं? आमच्यात."

असं चाललं होतं. एक इकडे खणकावून दाखवी, दुसरा तिकडे टाच रुतवून. माझी अवस्था अशी, की मी मध्ये उभा आणि माझा एक पाय वर चढतो आहे, एक खाली बुडतो आहे. बायको आतून आली, दोघांना पाटावर बसवलं, ताटं ठेवली आणि म्हणाली, "बाबा, मी डोंगरात राहत नाई. मामाजी, मी मैदानात बी राहत नाई. मी चुलीजवळ राहतो. जेवा."

दोघं जेवले. वडिलांनी वरण दोनदा मागून घेतलं आणि दोन्ही वेळा म्हणाले, की अळणी आहे.

ती तिथं नांदली. पोरं झाली, त्यांना पोरं झाली. फटीवरचं घर म्हणून काही वर्षांनी एकदा जमीन गुरगुरते, मडकी एकमेकांना लागतात, कौलांवरून एखादा गोटा घरंगळतो. तेव्हा मी दचकून उठतो. ती उठत नाही. चुलीपुढून नुसती मान वळवते आणि म्हणते, "जा, पाहून या. तुमचे बाबा खाली गेले, का आमचे वर."